एचसीएलची रेघ खरंच वरचीच कशावरून? स्थितांबरातल्या क्लोरीनबद्दल सविस्तर उत्तर

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही पुण्यात एम.एस्सी. करताय, विभागात ०.५ प्रति सेंमी रेझोल्यूशनचा एफटीआयआर, म्हणजे अवरक्त वर्णपट घेणारं यंत्र, आहे (प्रति सेंमी हे तरंगसंख्येचं एकक, रेघांची जागा आणि रुंदी आम्ही त्यातच सांगतो), आणि स्थितांबरात क्लोरीन अब्जात तीन-साडेतीन भागच असतं असं वाचल्यावर तुम्हाला तीन शंका आल्या. इतकी कमी मात्रा अवरक्तात दिसते कशी? दिसलीच, तर वर्णपटातली ती शोषणाची रेघ वरच्या हवेतली आहे, खालच्या नाही, हे ठरवायचं कशावरून? आणि ओझोन खाणारा क्लोरीन मोनॉक्साइड सोडून सगळे हायड्रोजन क्लोराइडच्या, म्हणजे एचसीएलच्या मागे का लागतात? शिवाय गच्चीवर आरसा लावून हे आपल्याला जमेल का, हेही शेवटी विचारलंय.

सूर्याचे अवरक्त वर्णपट घेऊन त्यातून हवेतल्या वायूंचं प्रमाण काढणं हेच माझं काम, त्यामुळे जरा ऐसपैस लिहितो.

पहिली शंका आधी बाजूला काढू, कारण मात्रा कमी असणं ही खरी अडचण नाहीच. मध्य अक्षांशांवर जमिनीवरून सरळ वर पाहिलं तर दर चौरस सेंटीमीटरवर एचसीएलचे साधारण ४ वर पंधरा शून्यं इतके रेणू असतात. एचसीएलची मूळ कंपनपट्टी २८८६ प्रति सेंमीच्या आसपास आहे आणि तिच्यातल्या रेघा चांगल्या दणकट आहेत. आम्ही नेहमी वापरतो ती रेघ २९२५.९ प्रति सेंमीला येते. पुरेशा रेझोल्यूशनचं यंत्र असेल आणि सूर्य थोडा कललेला असेल, तर ती रेघ दहा टक्क्यांहून खोल जाते. डोळ्यांना सहज दिसते.

अवकाशातून तर काम आणखी सोपं. सूर्य पृथ्वीच्या कडेआड जात असताना उपग्रहाकडे येणारा किरण वातावरणाला चाटून जातो. २० किमी उंचीवरचा १ किमी जाडीचा थर घेतला, तर तेवढ्या एका थरातून किरण सव्वादोनशे किमी प्रवास करतो. त्या थरात एचसीएल अब्जात एक भाग धरा आणि गणित करून पाहा: एकाच थरात जमिनीवरून दिसणाऱ्या अख्ख्या उभ्या स्तंभाच्या दहापट रेणू वाटेत येतात. कॅनडाच्या सायसॅट उपग्रहावरचं एसीई-एफटीएस हे यंत्र २००४ पासून हेच करतंय. त्याचं रेझोल्यूशन ०.०२ प्रति सेंमी आणि आवाका ७५० ते ४४०० प्रति सेंमी आहे. त्याआधी स्पेस शटलमधून १९८५, १९९२, १९९३ आणि १९९४ मध्ये अॅटमॉस हे यंत्र वर गेलं होतं, त्याचंही तत्त्व हेच.

म्हणजे शोषण भरपूर आहे. अवघड आहे ते ओळख पटवणं. हे शोषण कुणाचं, आणि ते कुठल्या उंचीवर झालं? आमचा जवळजवळ सगळा वेळ या दोन प्रश्नांत जातो.

'कुणाचं' याचं उत्तर एचसीएलने स्वतःच फार छान देऊन ठेवलंय. तुम्ही बी.एस्सी.ला किंवा आत्ता एचसीएल वायूचा वर्णपट घेतला असेल, तर प्रत्येक रेघ जोडीने येते हे पाहिलं असेल. क्लोरीन-३५ आणि क्लोरीन-३७ या दोन समस्थानिकांमुळे रेघा सुमारे २ प्रति सेंमीने सरकतात आणि निसर्गात त्यांचं प्रमाण साधारण तीनास एक असतं. २९२५.९ ला क्लोरीन-३५ ची रेघ असेल, तर २९२३.७ ला क्लोरीन-३७ ची तिची धाकटी जोडीदारीण हवीच, आणि तिचं शोषण त्याच प्रमाणात हवं. शिवाय पट्टीतल्या इतर रेघांमधूनही तेवढंच प्रमाण निघायला हवं. वेगवेगळ्या रेघा वेगवेगळी उत्तरं देऊ लागल्या तर कुठेतरी मिथेन किंवा पाण्याची वाफ मध्ये कडमडली आहे असं समजायचं. या भागात मिथेनच्या रेघांची नुसती रेलचेल आहे.

एक गोष्ट अनेकांना माहीत नसते: सूर्यावरच्या डागांच्या थंड भागातही एचसीएलच्या रेघा सापडल्या आहेत. सूर्यबिंबाच्या नेहमीच्या भागात ही अडचण येत नाही, पण सूर्य हा आपला दिवा आहे आणि त्या दिव्याच्या स्वतःच्या रेघा असतात, एवढं कायम लक्षात ठेवावं लागतं.

वरच्या क्लोरीनचं दुसरं कोठार म्हणजे क्लोरीन नायट्रेट, पण ते एचसीएलसारखं सरळ नाही. तो जड, पाच अणूंचा रेणू. त्याच्या हजारो रेघा एकमेकींत मिसळून एक पसरट उंचवटा होतो. त्यातून वर डोकावतं ते फक्त ७८०.२ प्रति सेंमीचं एक अरुंद टोक, तज्ज्ञ त्याला क्यू-शाखा म्हणतात. जमिनीवरून पाहिलं तर ते शोषण बऱ्याचदा टक्काभरच भरतं, आणि भोवती ओझोन, कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि नायट्रिक आम्ल ठाण मांडून बसलेले. इथे आम्ही आधी जरा रुंद खिडकी घेतो, तिच्यात या आगंतुकांचं प्रमाण नीट बसवतो, आणि मग ते पक्कं धरून ७८०.२ भोवतीच्या अगदी अरुंद खिडकीत क्लोरीन नायट्रेट शोधतो. उलट क्रमाने केलं तर ओझोनची चूक सगळी क्लोरीन नायट्रेटच्या खात्यावर जाते.

या वायूचा इतिहासही हेच सांगतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बलूनवरून घेतलेल्या वर्णपटांत त्याच्या खुणा दिसल्याचं प्रसिद्ध झालं, पण शंका राहिली. १९८५ च्या अॅटमॉस नोंदींमध्ये ७८०, ८०९ आणि १२९२ प्रति सेंमीच्या आसपास एकाच वेळी त्याच्या पट्ट्या मिळाल्या तेव्हा विषय मिटला. एकाच ठिकाणी दिसलेला उंचवटा हा संशय असतो. तीन ठिकाणी, योग्य प्रमाणात दिसला तर ती ओळख.

आता तुमच्या दुसऱ्या शंकेकडे येतो. मला सर्वांत जिव्हाळ्याचा भाग हाच आहे.

जमिनीवर उभं राहून सूर्याकडे पाहणाऱ्या यंत्राला उंची कशी कळणार? रेघेच्या आकारावरून. हवेचा दाब जास्त असेल तिथे रेणूंची टक्कर जास्त होते आणि रेघ रुंद होते. एचसीएलची ही रेघ समुद्रसपाटीच्या दाबाला साधारण ०.१५ प्रति सेंमी रुंद असते. २० किमीवर दाब विसाव्या भागाच्या आसपास येतो, तशी रुंदीही तितकीच आकसते. त्यामुळे सूर्याच्या वर्णपटात एचसीएलची रेघ बारीक आणि टोकदार दिसली तर ती वरची. रुंद, पसरट बूड दिसलं तर तो खालच्या हवेतला भाग. दोन्ही असतील तर एकाच रेघेत टोक आणि बूड दोन्ही दिसतात, आणि ते वेगळे काढता येतात. किनाऱ्याजवळ समुद्राच्या मिठातून थोडं एचसीएल सुटतं, ज्वालामुखीजवळ तर पुष्कळ असतं, म्हणून हा भाग सोडून चालत नाही. पण एचसीएल पाण्यात झपाट्याने विरघळतं आणि पावसाबरोबर धुऊन जातं, त्यामुळे बहुतेक ठिकाणी स्तंभातला मोठा वाटा वरचाच निघतो. १९७६ मध्ये क्रॉफ्टन फार्मर आणि सहकाऱ्यांनी अवरक्त नोंदींवरून एचसीएल तपांबरात किती आणि स्थितांबरात किती, हे वेगळं मांडलं होतं.

या पद्धतीची मर्यादाही सांगतो. रेघेच्या आकारातून एचसीएलबद्दल जेमतेम दोन-तीन स्वतंत्र आकडे निघतात, क्लोरीन नायट्रेटबद्दल फार तर एक. म्हणजे 'एकूण किती' हे चांगलं कळतं, 'खालच्या आणि वरच्या स्थितांबरात साधारण कसं वाटलेलं आहे' हे थोडंफार कळतं, पण प्रत्येक किलोमीटरचा आकडा जमिनीवरून मिळत नाही. कुणी जमिनीवरच्या यंत्रातून चाळीस थरांचा गुळगुळीत आलेख दाखवला, तर त्यातला बराचसा भाग गणिताला आधी दिलेल्या अंदाजातून आलेला असतो. हा अंदाज किती आणि मोजमाप किती, हे सांगणारे एव्हरेजिंग कर्नल आलेखासोबत मागून घ्या.

आकारावर एवढी भिस्त असेल, तर यंत्र स्वतः रेघेचा आकार किती बिघडवतं हे माहीत हवं, हे ओघाने आलंच. एफटीआयआरच्या पोटातल्या इंटरफेरोमीटरचा सरकता आरसा प्रवासात अगदी किंचित तिरका झाला तरी रेघेचं टोक बोथट होतं, आणि गणित त्याचा अर्थ 'एचसीएल खाली सरकलं' असा लावतं. म्हणून आम्ही किरणाच्या वाटेत कमी दाबाखाली हायड्रोजन ब्रोमाइड भरलेली छोटी काचनळी ठेवतो. त्या वायूच्या रेघांचा खरा आकार ठाऊक असतो. त्या जशा दिसायला हव्यात आणि जशा दिसतात, यातला फरक म्हणजे यंत्राचा दोष. ब्रोमाइडच का? नळीत एचसीएल भरलं तर आपण ज्याला शोधतोय त्याच्याच रेघा वाटेत उभ्या करून ठेवल्यासारखं होईल, आणि हवेतला हायड्रोजन ब्रोमाइड इतका अत्यल्प असतो की तो आड येत नाही.

दुसरी तपासणी शून्याची. पाणी किंवा कार्बन डायऑक्साइडच्या काही रेघा इतक्या जोरकस असतात की त्यांच्या मध्यभागी सूर्यप्रकाशाचा टिपूसही शिल्लक राहत नाही. त्या रेघेचा तळ शून्यावर सपाट टेकायला हवा. तो शून्याच्या वर किंवा खाली दिसला, तर बहुधा डिटेक्टर प्रकाशाला सरळ प्रमाणात प्रतिसाद देत नाहीये. ७८० प्रति सेंमीच्या भागात वापरतात त्या एमसीटी (पारा-कॅडमियम-टेल्युराइड) डिटेक्टरची ही जुनी खोड आहे. २९०० च्या भागातला इंडियम अँटिमोनाइड डिटेक्टर या बाबतीत गुणी. क्लोरीन नायट्रेटचं सगळं शोषण टक्काभर, आणि शून्यच टक्काभर सरकलेलं, अशा वेळी आलेल्या आकड्यावर विश्वास कसा ठेवणार? माझ्याकडे कुणाचाही वर्णपट आला की मी आधी हे तळ बघतो, बाकी सगळं नंतर.

खालून आलेलं की वरचं, या वादाला आणखी एक उत्तर आहे, आणि ते रसायनशास्त्रातलं आहे. हे क्लोरीन ज्वालामुखी आणि समुद्री मिठातून येतं, सीएफसींचा, म्हणजे मानवनिर्मित क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंचा, यात काय दोष, असा युक्तिवाद बरीच वर्षं चालला होता. सीएफसी वर जाऊन फुटले की क्लोरीनबरोबर फ्लोरीनही सुटतं, आणि त्याचं शेवटी हायड्रोजन फ्लोराइड बनतं. स्थितांबरात या वायूला दुसरा मोठा नैसर्गिक स्रोत नाही. त्याची स्वच्छ रेघ ४०३९ प्रति सेंमीजवळ मिळते. १९९१ साली सोडलेल्या यूएआरएस उपग्रहावरच्या हॅलो या यंत्राने एचसीएल आणि हायड्रोजन फ्लोराइड दोन्ही मोजले, आणि स्थितांबरातलं बहुतांश क्लोरीन सीएफसींसारख्या मानवनिर्मित वायूंचंच आहे हे १९९६ मध्ये स्पष्टपणे मांडलं गेलं.

हाच हायड्रोजन फ्लोराइड अंटार्क्टिकात फुटपट्टीसारखा कामी आला. १९८६ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरात मॅकमर्डो तळावर सुझन सॉलोमन यांच्या नेतृत्वाखाली मोहीम गेली, तिच्यात फार्मर यांच्या गटाचा एफटीआयआर होता. ओझोन छिद्राच्या काळात तिथलं एचसीएल घटलेलं दिसलं. पण नुसतं घटलं म्हणून भागत नाही, कारण वरची हवा खाली-वर सरकली तरी स्तंभ बदलतो. हायड्रोजन फ्लोराइड ध्रुवीय ढगांवरच्या रासायनिक क्रियांत भाग घेत नाही, हवेच्या हालचालीने मात्र तोही बदलतो. म्हणून एचसीएल आणि फ्लोराइड यांचं गुणोत्तर बघायचं. गुणोत्तर पडलं तर रसायन घडलं. बर्फाळ ढगांच्या पृष्ठभागावर एचसीएल आणि क्लोरीन नायट्रेट एकमेकांशी क्रिया करून क्लोरीन वायू आणि नायट्रिक आम्ल देतात, आणि वसंतातला सूर्य त्या क्लोरीन वायूला फोडतो. ओझोनचा फडशा तिथून सुरू होतो.

यातच तुमच्या तिसऱ्या शंकेचं उत्तर अर्धं आलं. एचसीएल आणि क्लोरीन नायट्रेट ही क्लोरीनची कोठारं. ती रिकामी होताना दिसली की आतलं क्लोरीन मोकळं झालं हे कळतं. क्लोरीन मोनॉक्साइड अवरक्तात शोधायचा तर त्याची पट्टी ८४४ प्रति सेंमीजवळ आहे, पण तिच्या रेघा कमजोर आणि शेजारी नायट्रिक आम्लाची गर्दी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जमिनीवरून अवरक्त हेटरोडाइन पद्धतीने तो शोधायचे प्रयत्न झाले, पण अपेक्षेइतकं शोषण हाती लागलं नाही. त्याच रेणूच्या घूर्णनरेघा सूक्ष्मतरंगांत, २०४ किंवा २७८ गिगाहर्ट्झला, व्यवस्थित मिळतात, आणि त्यासाठी सूर्यही लागत नाही, हवेचं स्वतःचं उत्सर्जन पुरतं. म्हणून मोनॉक्साइडसाठी आधी यूएआरएस आणि २००४ पासून ऑरा उपग्रहावरची एमएलएस यंत्रं सूक्ष्मतरंगांत काम करत आली. मिपास या युरोपीय अवरक्त यंत्राने ध्रुवीय भोवऱ्यात मोनॉक्साइड फार वाढलेला असताना तो टिपला, नेहमीच्या परिस्थितीत ते काम अवघडच. मिपासचा आवाका २४१० प्रति सेंमीला संपत असल्यामुळे एचसीएलची मूळ पट्टी मात्र त्याच्या टप्प्यातच नव्हती. प्रत्येक वायूला ज्या खिडकीतून तो स्वच्छ दिसतो तिथेच गाठायचं असतं, सगळं अवरक्तातूनच करायचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

सीएफसींबद्दल थोडक्यात. सीएफसी-१२ च्या पट्ट्या ९२३ आणि ११६१, सीएफसी-११ ची ८५० प्रति सेंमीजवळ. त्या रुंद असतात, त्यामुळे आकारावरून उंची काढणं जवळपास विसरावं. कार्बन टेट्राक्लोराइड ७९६ ला, नेमका कार्बन डायऑक्साइडच्या एका दाट शाखेला खेटून, आणि त्या शाखेतल्या रेघा एकमेकींवर परिणाम करतात हे गणितात धरलं नाही तर उत्तर चुकतं.

आता गच्चीवरच्या प्रयोगाबद्दल. ०.५ प्रति सेंमीला एचसीएल दिसणार नाही, आणि का दिसणार नाही हे तुम्ही स्वतः काढू शकता. रेघेची एकूण ताकद गुणिले स्तंभ केलं तर सुमारे ०.००१८ प्रति सेंमी इतकं समतुल्य शोषण येतं, तेही मध्य अक्षांशांवर, सूर्य डोक्यावर असताना. तेवढं शोषण ०.५ च्या पट्ट्यात पसरलं की खोली उरते ०.४ टक्क्याहून कमी, आणि तीही मिथेन आणि पाण्याच्या पोटात. त्यात उष्णकटिबंधात तपांबर १६-१७ किमीपर्यंत पोहोचतं, म्हणून एचसीएलचा स्तंभ मुळातच बराच कमी. यासाठी ०.००५ प्रति सेंमीच्या आसपासचं रेझोल्यूशन लागतं, म्हणजे आरशाच्या प्रवासाने मीटरभराहून मोठा पथफरक द्यायला हवा. वातावरणातले वायू मोजणाऱ्या स्थानकांच्या जगभरातल्या एनडीएसीसी जाळ्यातली यंत्रं अशी आहेत. स्वित्झर्लंडमध्ये ३५८० मीटरवर युंगफ्राउयोखला लिएज विद्यापीठाचा गट अशाच नोंदी घेतो, आणि इतक्या उंचीवर पाण्याची वाफ खालीच राहते हा त्या जागेचा मोठा फायदा.

लांब मालिका किती मोलाची असते हे तिथेच दिसलं. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात एचसीएल शिखरावर पोहोचलं, सीएफसींना आळा घालणाऱ्या माँट्रिअल करारामुळे उतरू लागलं, आणि २००७ नंतर काही वर्षं उत्तर गोलार्धात ते पुन्हा वाढलं. कुणी चोरून सीएफसी सोडतंय का, अशी शंका येण्यासारखं ते चित्र होतं. २०१४ मध्ये अनेक स्थानकांच्या आणि उपग्रहांच्या नोंदी एकत्र मांडून दाखवलं गेलं की वातावरणातलं अभिसरण तात्पुरतं मंदावलं होतं, त्यामुळे हवा वर जास्त काळ राहून तिच्यातले सीएफसी जास्त फुटले होते. एकट्या जागेच्या, दोन-चार वर्षांच्या नोंदींवरून 'करार फसला' किंवा 'करार यशस्वी' असं म्हणू नये, असं मी विद्यार्थ्यांना कायम सांगतो. क्लोरीनची एकूण उतरण वर्षाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे. एका वर्षाच्या हवामानाचा चढउतार त्याहून किती तरी मोठा असतो.

तरीही तुमच्या यंत्राचा उपयोग आहे. नळीत थोडं एचसीएल घेऊन २९२५.९ आणि २९२३.७ ची जोडी नोंदवा. ०.५ रेझोल्यूशनला ती वेगळी दिसेल. मग त्याच यंत्रात सूर्यप्रकाश घ्या, आणि २९०० ते ३००० च्या भागात मिथेन आणि पाणी कुठे कुठे आहे ते हिट्रान या रेषा-संग्रहाशी ताडून बघा. पुढे एनडीएसीसीच्या खुल्या नोंदींमधून एखाद्या स्थानकाची एचसीएल मालिका उतरवून घ्या आणि हायड्रोजन फ्लोराइडशी तिचं गुणोत्तर काढा. प्रबंधापुरतं एवढं काम नक्की होईल. पोटॅशियम ब्रोमाइडचा बीमस्प्लिटर असेल तर पावसाळ्यात कोरडा नायट्रोजन चालू ठेवा, दमट हवेने तो धुरकट होतो आणि मग काहीच दिसत नाही.

बीमस्प्लिटर कुठला, डिटेक्टर कुठला आणि सूर्यप्रकाश आत घ्यायला यंत्राला बाजूची खिडकी आहे का, हे कळवा. त्यावरून कुठला फिल्टर लावायचा आणि एका नोंदीला किती वेळ द्यायचा ते सांगतो.